आतून आलेला लाल

रंगाऱ्याच्या अंगणात सकाळी लाल कोंबडी हिंडताना दिसली, तेव्हा आधी कोणाचा विश्वासच बसेना.

काल संध्याकाळपर्यंत ती पांढरी होती. मानेवरचं एक काळं पीस सोडलं तर कुठे डागसुद्धा नव्हता. आणि आज चोचीखालपासून शेपटीपर्यंत लालभडक होऊन, मोठ्या घरी पाहुणी निघाल्यासारखी तोऱ्यात पावलं टाकत होती. बाकीच्या कोंबड्या दोन हात लांब उभ्या राहून तिच्याकडे माना वाकड्या करून बघत होत्या.

रंगाऱ्याने हातातला दांडा भिंतीला टेकवला. कोंबडी धरली. पिसं विस्कटून मुळाशी बघितलं, थुंकी लावून बोट चोळलं. बोटाला रंग लागेना.

“भिंगरे!”

भिंगरी म्हणजे त्याची सात वर्षांची लेक. एका जागी म्हणून ठरायची नाही, तोंड म्हणून मिटायची नाही, म्हणून भिंगरी. ती दाराआडून आली ती आधीच उत्तर घेऊन.

“नुसती बुडवली नाही हं बाबा. आधी तुरटीच्या पाण्यात ठेवली. मग वाळवली. मग तुमच्या कालच्या निवलेल्या रंगात. म्हणून तर पक्का बसलाय.”

भिंगरीची आई पटकन वळली आणि उगाच दोरीवरचं कापड सरळ करू लागली. तिचे खांदे हलत होते. रंगाऱ्यालाही आतून हसूच येत होतं, कारण कामाची पद्धत पोरीने एकूणएक बरोबर उचलली होती. पण ओट्यावर आक्का बसली होती. आक्का ही त्याची थोरली बहीण, दोन महिन्यांपूर्वी मदतीला म्हणून आलेली.

“हसा, हसा,” आक्का म्हणाली. “आज कोंबडी बुडवली, उद्या मला बुडवील. त्या मुक्या जिवाने कोणाकडे गाऱ्हाणं न्यायचं?”

“आत्या, तिला आवडलाय रंग. बघ की कशी चालतेय.”

“ऐकलंस? वर तोंड करून बोलते.”

मग रंगाऱ्याला बाप व्हावंच लागलं. “तीन दिवस रंगघरात पाऊल टाकायचं नाही,” तो म्हणाला. “एकसुद्धा नाही. कळलं?”

भिंगरीचा चेहरा पडला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घशाला हात लावून ती आत गेली. पोरगी रुसली, असं सगळ्यांनी धरलं.

*

आता ही शिक्षा पोरीला झाली की रंगघराला, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

गावात नवं सभागृह बांधून झालं होतं. त्याच्या रंगमंचाला पडदा हवा होता, लाल, जमिनीपर्यंत लोळणारा. सोळा पट्टे शेजारी शेजारी शिवून एक पडदा व्हायचा, आणि सोळाही पट्टे एका अंगाचे, एकाच छटेचे हवेत. एक जरी उणाअधिक झाला तर हजार डोळे पहिले तिथेच जाणार. रंगारी बावीस तऱ्हेचे लाल नुसत्या नजरेने वेगळे काढायचा, म्हणून काम त्याच्याकडे आलं. सोळा पट्ट्यांचं कोरं कापड आणि वर एक जादा पट्टा. चुकलंमाकलं तर तेवढंच.

वर्ष मात्र वाईट होतं. उन्हाळा संपता संपेना. विहीर तळाला गेली आणि तळाच्या पाण्यात गंज उतरला. गंजाच्या पाण्यात लाल रंग घातला की तो मान टाकतो, काळवंडतो. म्हणून रोज पहाट उजळली की नवराबायको हातगाडीवर पिंपं लादून लांबच्या ओढ्यावर जायची. चार खेपा झाल्या की एका पट्ट्याचं पाणी. रंगाऱ्याच्या तळहाताला गाडीच्या दांड्याने घट्टे पडले होते, आणि त्याच्या बायकोच्या कमरेने तर दोन वेळा जागच्या जागी संप केला होता.

पाणी आलं की काहील भट्टीवर चढायची. रंगाच्या मुळांची भुकटी तीत घालायची, हात बुडवून सोसेल न सोसेल इतपत तापवायची, आणि तुरटीत मुरवलेला पट्टा आत सोडायचा. मग खरी कसोटी. दर थोड्या वेळाने दांड्याने पट्टा पालटायचा. लवकर पालटला तर ढगासारखे डाग पडतात, उशीर झाला तर लालाची वीट होते. हा ‘थोडा वेळ’ किती, हे त्या घरात घड्याळावर मोजत नसत. वाफेने कुठलंच घड्याळ तिथे टिकायचं नाही. तो वेळ ते गाण्यावर मोजायचे. रंगाऱ्याच्या आजोबांपासून चालत आलेलं देवाचं गाणं होतं, सात कडव्यांचं:

देवा तुझी विहीर खोल, माझी घागर लहान,
भरून घेते रोज थोडी, रोज उरते तहान.

सात कडवी झाली की पालटायचं. पुन्हा सात, पुन्हा पालटायचं. रंगारी स्वतः गायचा तेव्हा त्याचं लक्ष विस्तवात जाई, पाचव्या कडव्यानंतर एकदम सातवं येई. बायकोच्या तोंडी धुण्याच्या धबडग्यात गाणं टिकत नसे. भिंगरी चार वर्षांची झाली आणि हे काम आपोआप तिच्याकडे गेलं. ती उलट्या बादलीवर बसून, पाय हलवत, एका लयीत सातही कडवी म्हणायची, आणि शेवटचा शब्द संपला की भट्टी दणाणेल असं ओरडायची, “पालट!” तिच्या ‘पालट’वर बारा पट्टे निघाले होते. बाराही असे की एकाच्या पोटातून दुसरा काढावा.

तेरावा पट्टा भिंगरीवाचून चढला.

रंगारी गायला. मध्येच लाकूड सरकलं, ते आत ढकललं, गाणं कुठे होतं ते आठवेना, अदमासाने उचललं. दुपारी पट्टा दोरीवर पडला तेव्हाच त्याला कळलं. लाल नव्हताच. जुन्या कौलाचा रंग होता.

आणि नेमके त्याच वेळी सभागृहाचे कारभारी डोकं पुसत अंगणात आले.

“वा वा,” ते म्हणाले, आणि मग थांबले. बारा पट्ट्यांकडे बघितलं, तेराव्याकडे बघितलं, लाल कोंबडीकडे बघितलं. “रंगारीबुवा, कोंबडी आमच्या पडद्याला जुळते. पट्टा जुळत नाही.”

रंगाऱ्याने मान खाली घातली. पंचवीस वर्षांत कोणी त्याला रंगावरून बोललं नव्हतं. “जादाचा पट्टा आहे,” तो म्हणाला. “उद्या तो चढवतो.”

“आणि तोही कौलासारखा निघाला तर?”

“तर जादाचं कापड आणखी नाही,” रंगारी म्हणाला.

कारभारी वाईट माणूस नव्हते. जाताना त्यांनी विचारलं, “आज गाणं ऐकू नाही आलं? रस्त्यापासून ऐकू येतं एरवी.”

“रुसलंय आमचं गाणं,” भिंगरीची आई म्हणाली.

*

दिवेलागणीला आक्काने भिंगरीला जेवायला हाक मारली. ती आली नाही. आत जाऊन बघते तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आक्काने तिला उठवून दिव्याजवळ आणलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अरे, ये, ये! बघ तुझं रत्न! पुन्हा जाऊन बसली काहिलीत!”

रंगारी आला. पोरीचे गाल लाल, मान लाल, सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारी छातीही लाल. आधीच दिवस वाईट गेलेला, त्याचं डोकं फिरलं.

“काय सांगितलं होतं मी?”

भिंगरीने मान हलवली. “नाही गेले,” ती म्हणाली. आवाज असा की लाकूड लाकडावर घासावं.

“मग हे काय? आकाशातून पडलं?”

“नाही गेले, बाबा.”

“अंग तापलंय जरा,” तिची आई गालाला हात लावत म्हणाली.

“तापणार नाही तर काय, वहिनी? भट्टीला चिकटून बसली असणार.” आक्काने तोवर घंगाळात पाणी ओतलंच होतं. साबण घेतला, काथ्या घेतला, आणि पोरीची पाठ घासायला लागली. भिंगरी एरवी अंघोळीला गाव गोळा करायची. आज ती नुसती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंडातून आवाज नाही. आक्का घासून घासून दमली. पाणी स्वच्छच राहिलं, पोरगी मात्र जास्तच लाल झाली.

“पक्का बसलाय हो,” आक्का हात टेकत म्हणाली. “तुरटी लावून बसलेली दिसतेय.”

जेवणाचे दोन घास भिंगरीने तोंडात फिरवले आणि ताटात काढून ठेवले. रंगाऱ्याला ते दिसलं. पण मनातला राग अजून निवायचा होता, आणि रुसलेल्या पोराला चुचकारू नये, असं त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. बापाने आणखीही एक शिकवलं होतं. दिव्याखाली रंग बघू नये; रंग बघायचा तर सकाळच्या उजेडात, उत्तरेच्या दारात. हे दुसरं त्याला त्या संध्याकाळी आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

*

सकाळी जादाचा पट्टा काहिलीत पडला. भट्टी लागली, वाफ धरायला लागली. रंगाऱ्याने मनाशी ठरवलं होतं की आज शिक्षा संपवायची. पोरीला बादलीवर बसवायचं, गाणं म्हणवून घ्यायचं, आणि झालं गेलं विसरायचं. तो स्वतः तिला उचलायला गेला.

ती इतकी हलकी लागली की त्याला दोन भरल्या पिंपांच्या मधलं रिकामं पिंप आठवलं. आणि गरम. भट्टीजवळच्या माणसाचं अंग वरून तापतं, फुंकर मारली की निवतं. हा ताप वरचा नव्हता. कढईला बाहेरून हात लावावा आणि आत तेल उकळत असल्याचं कळावं, तसा.

तो तिला घेऊन उत्तरेच्या दारात आला. तिथे एक बुटकं स्टूल होतं, रंग जुळवायचं. त्यावर नमुन्याच्या चिंध्या ठेवायच्या आणि बघायचं. आज चिंध्या बाजूला सारून त्याने लेकीला बसवलं.

“हात बघू.”

भिंगरीने हात पुढे केला. रंगाऱ्याने खिशातला पांढरा फडका ओला केला आणि तिच्या दंडावर चोळला. नव्या रंगाची परीक्षा तो अशीच करायचा. फडका कोराच राहिला. मग त्याने अंगठा दाबला. का दाबला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हातच कामाला लागले होते. अंगठा उचलला, तर खाली पांढरा ठसा! त्याच्या डोळ्यांदेखत लाल हळूहळू परत आला, कडेकडेने, ओल शिरावी तसा.

त्याने स्वतःच्या हाताच्या लाल पडलेल्या कातडीवर अंगठा दाबला. तिथला लाल होता तसाच. तसूभर हलला नाही.

“अगं, इकडे ये,” त्याने बायकोला हाक मारली. “हा रंग नाही.”

“म्हणजे?”

“आपला नाही. दाबला की पळतो. हा आतून आलाय.”

आता तो बघायला लागला, आणि बघायला लागल्यावर त्याच्या नजरेतून काय सुटणार! सगळा लाल सपाट नव्हता, बारीक बारीक ठिपक्यांचा होता. हात फिरवला तर कातडी खरखरीत, खळ न काढलेलं कोरं कापड असतं तशी. कोपराच्या वळणात आणि काखेत लाल जास्त, रेघा रेघा. कापडाला घडी पडली की घडीत रंग साचतो, अगदी तसा. गाल लाल, पण ओठांभोवती पांढरं कडं. दोरा आवळून बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, तसं.

“तोंड उघड, बाळा.”

जिभेवर पांढरा लेप, आणि त्यातून वर आलेले लाल लाल दाणे. घसा आतून असा लाल होता की तो त्याच्या बावीसांत बसत नव्हता.

“गिळताना दुखतं?”

भिंगरीने मान हलवली. “परवापासून,” ती पुटपुटली. “कोंबडीच्या दिवसापासून.”

रंगारी तिच्यापुढे जमिनीवर बसला. परवा तिने तोंड उघडून मिटलं होतं, घशाला हात लावला होता. आपण त्याला रुसवा म्हणालो. काल ती दोनदा म्हणाली, नाही गेले. बावीस लाल ओळखणारा माणूस, आणि घरातला तेविसावा ओळखता आला नाही.

“तू गेली नव्हतीस,” तो म्हणाला.

“नव्हते.”

“चुकलं माझं.”

भिंगरीने मोठ्या माणसासारखी मान डोलावली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं.

आत काहील सळसळायला लागली होती. पहिल्या पालटाची वेळ जवळ आली होती. बायकोने एकदा काहिलीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. “तुम्ही थांबा, मी नेते हिला दवाखान्यात,” ती म्हणाली. “जादाचा तेवढाच पट्टा आहे, अहो.”

“असू दे.”

“कारभारी...”

“कारभाऱ्यांना मी कौलाचा पडदा देईन. गाडी काढ.”

आक्का दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. रात्री काथ्या तिच्या हातात होता. “मी पालटते,” ती म्हणाली. “जा तुम्ही.”

“आक्का, तुला गाता येत नाही.”

“देवाला येतं ना ऐकता? जा!”

*

हातगाडीवरची पिंपं उतरवून त्यांनी गाडीत गोधडी अंथरली आणि भिंगरीला निजवलं. रोज पाणी वाहणारी गाडी, तिला हिंदकळू न देता न्यायची दोघांना सवयच होती. गावातल्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर पोरीने एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, “मी सांडतेय का?”

“थेंबसुद्धा नाही,” तिची आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. “काय होतंय?” त्यांनी विचारलं, आणि रंगाऱ्याने घाईघाईने सगळं सांगून टाकलं, त्याला येत होतं त्या भाषेत. फडक्याला लागत नाही. अंगठ्याखाली पळतो. घडीत जास्त बसलाय. तोंडाभोवती बांधल्यासारखा सुटलाय. हाताला खळीचा लागतो. जिभेवर पांढऱ्यातून लाल दाणे वर आलेत. आणि परवापासून घसा.

डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता चष्मा वर सरकवून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतः दंड दाबून बघितला, कोपराची घडी उलगडून बघितली, मानेखालच्या गाठी चाचपल्या, काडीवर कापूस घेऊन घसा पुसला.

“तुम्ही काय करता?”

“रंगारी.”

“तरीच. एवढं नीट बघून पोर कोणी आणत नाही. लोक म्हणतात, पुरळ उठलंय, उष्णता असेल. आणि घरीच बसतात.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “याला स्कार्लेट फीवर म्हणतात. घशात जंतू शिरतात आणि त्यांच्या विषाने अंग असं लाल होतं.”

“स्कार्लेट म्हणजे?”

“लाल.”

“कुठला लाल?”

“म्हणजे?”

“लालात पुष्कळ लाल असतात, बाई.”

बाईंना हसू आलं. “हा तुम्हीच ठरवा. मला औषध ठरवू द्या. दहा दिवस द्यायचं, वेळच्या वेळी. दोन दिवसांत ही उड्या मारायला लागेल, तेव्हा तुम्हाला वाटेल झालं, कशाला आता औषध. तिथेच लोक फसतात. बाटली शेवटच्या थेंबापर्यंत संपली पाहिजे. हे जंतू अर्धवट राहिले तर पुढे हृदयाला, सांध्यांना धरतात. आज आणलंत ते फार बरं केलंत.”

“हे रंगाने झालं?” भिंगरीच्या आईने हळूच विचारलं. “ती कोंबडी...”

“कोंबडी?”

सगळी हकीकत ऐकून डॉक्टरीणबाईंनी खुर्चीला पाठ टेकली आणि त्या पोट धरून हसल्या. भिंगरीनेही ओठ ताणून बघितले. “नाही हो,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “रंगाने नाही, कोंबडीने नाही, उन्हानेही नाही. माणसाच्या खोकल्याशिंकेतून येतं हे. आज-उद्या हिला दुसऱ्या पोरांत सोडू नका, पेला-ताट वेगळं ठेवा. पातळ पातळ द्या, पाणी भरपूर. घरात आणखी कोणाचा घसा धरला तर लगेच या. आणि पुढच्या आठवड्यात हिच्या बोटांची सालं निघतील. घाबरू नका. तो जुना रंग उतरतोय असं समजा.”

पहिला चमचा तिथेच दिला. भिंगरीने तोंड वाकडं केलं. “कडू,” ती म्हणाली. तीन दिवसांतला कुरकुरीचा तो पहिला शब्द. रंगाऱ्याला तो साखरेसारखा लागला.

*

परत येताना घराच्या वळणावरच एक विचित्र आवाज ऐकू आला. कोणीतरी गात होतं. गात होतं म्हणणं धाडसाचं होईल. सूर एका बाजूला, शब्द दुसऱ्या बाजूला, आणि दर कडव्यानंतर एक लांबलचक दमाचा उसासा. पण सातही कडवी होती, एकही गाळलेलं नव्हतं. वाफेतून आक्का दिसली. पदर कमरेला खोचलेला, हातात दांडा, घामाने निथळणारी, आणि गाल चिंब, घामाने की कशाने ते देव जाणे.

“आत्या गातेय,” भिंगरी गाडीतून कुजबुजली.

“गप्प बस,” आक्का म्हणाली, आणि दांडा टाकून गाडीपाशी आली. पोरीच्या पायावर तिने हात ठेवला. “मी घासलं गं तुला.”

“दुखलं,” भिंगरीने खरं ते सांगितलं. मग जरा विचार करून म्हणाली, “पण स्वच्छ झाले.”

पट्टा दोरीवर पडला. रंगारी उत्तरेच्या दारात उभा राहून बघत राहिला. आक्काच्या उसाशांनी गाणं लांबलं होतं. पट्टा वीट झाला नव्हता, पण बाराच्या मानाने तो अर्ध्या सुराने खोल गेला होता, आणि तळाच्या एका घडीत रंग साचून गडद रेघ उमटली होती.

“काय झालंय?” आक्काने भीत भीत विचारलं. “कौल?”

“नाही,” रंगारी म्हणाला. “कोपर.”

त्याने पट्टा घडी करून बाकीच्यांत ठेवला. जादाचं कापड आणखी नव्हतं, आणि त्याच्या मनात त्याची खंतही उरली नव्हती.

पुढचे तीन पट्टे राहिले होते. भिंगरीची बाज रंगघराच्या दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला टाकली. आवाज अजून उमटत नव्हता, म्हणून तिने एक थाळी आणि पळी मागून घेतली. गाणं ती ओठांतल्या ओठांत म्हणायची, आणि सात कडवी झाली की थाळी वाजवायची, खण्ण! रंगारी पालटायचा. चौदावा पट्टा थाळीवर निघाला, पंधरावाही थाळीवर निघाला. ताप दुसऱ्या दिवशीच उतरला होता. जीभ लेप टाकून पिकल्या तुतीसारखी लाल दाणेदार झाली होती, आणि येईल-जाईल त्याला ती दाखवत सुटली होती. औषधाची वेळ आक्का सांभाळायची, आणि बाटलीवर उजेड धरून किती उरलं ते असं बघायची की जणू तीतच तिचं पुण्य साठलंय. दारातून लाल कोंबडी रोज चौकशीला यायची.

सोळाव्या पट्ट्याच्या दिवशी रंगारी काहिलीवर वाकला होता. बाहेर थाळी वाजली नाही. सहावं कडवं झालं असेल, सातवं झालं असेल, त्याने कान दिला. आणि मग भट्टी दणाणली.

“पालट!”

दांडा त्याच्या हातातून निसटला आणि काहिलीत पडला. रंगाचे शिंतोडे त्याच्या तोंडावर, सदऱ्यावर, भिंतीवर. मागून बायको हसत धावत आली, आक्का ‘देवा, देवा’ म्हणत आली. लाल ठिपक्यांनी भरलेला रंगारी तिथेच वाफेत उभा राहून खदाखदा हसत होता.

“अहो, पालटा!” बायको म्हणाली. “ओरडलीय ती!”

*

सभागृहाचा पहिला कार्यक्रम भर दुपारी होता. पण खिडक्यांना जाड कापडं लावून आत दिवे पेटवलेले. रंगाऱ्याच्या घरची माणसं तिसऱ्या रांगेत. औषधाची बाटली कालच संपली होती, शेवटच्या थेंबापर्यंत. भिंगरी बोटांच्या टोकांची पातळ सालं सोलत बसली होती आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होती, “माझा जुना रंग उतरतोय. आमच्या कोंबडीचाही. तिची पिसं गळतात ना, खालून पांढरी येतायत.” बाई नुसत्या ‘हो का, हो का’ म्हणत होत्या.

कारभारी येऊन वाकले. त्यांना सगळं कळलं होतं. “तो खोल झालेला पट्टा कुठे बसवलात हो?” त्यांनी विचारलं. “सकाळपासून शोधतोय.”

रंगाऱ्याने पडद्याकडे बघितलं. डावीकडून तिसरा की चौथा, त्याने मोजलं. दिव्यांच्या उजेडात सोळाच्या सोळा पट्टे एकच लाल होऊन लोळत होते. दिव्याखाली रंग बघू नये, बाप सांगायचा. बापाचं खरंच होतं. दिव्याखाली काही दिसत नाही.

“सापडत नाही,” तो म्हणाला, आणि त्याला फार बरं वाटलं.

घंटा झाली. दोरीवरचा माणूस नवा होता. पडदा एक वीत हलला आणि थांबला. पुन्हा हलला, पुन्हा थांबला. आतून कुजबुज, दोरीची करकर. हजार माणसं श्वास धरून त्या लालाकडे बघत राहिली. कारभाऱ्यांनी कपाळाला रुमाल लावला.

भिंगरीने मनातल्या मनात सातवं कडवं संपवलं आणि खुर्चीवर उभी राहिली.

“पालट!”

दोरीवरच्या माणसाने दचकून अख्खं अंग टाकून ओढ घेतली, आणि पडदा सरसर सरसर दोन्हीकडे उघडत गेला.